चुक्कीवर शिक्का

सोलापूर
१८ नोव्हेंबर १९७७

ती. अक्कास शिवपुत्राचे शरणार्थ.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझं काय चाललंय ते मात्र मला बरं दिसत नाही. काल एसटी स्टँडवर आपल्या चिक्कहिप्परग्याचा एक माणूस भेटला. तो म्हणाला, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला तुमच्या बहिणीनं अर्ज भरलाय. मी म्हटलं, गावात महादेवी नावाच्या चार बायका असतील. तर म्हणे नाही, तुमचीच अक्का, चावडीत स्वतः येऊन सही करून गेली.

अक्का, ही नसती उठाठेव तुला कुणी सांगितली? मी एकोणीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवतोय. म्युनिसिपालटी, झेडपी, विधानसभा, सगळ्यांची पत्रकं माझ्या हातून गेली. मजकूर एकच असतो. आपला नम्र सेवक, आपला बंधू, आपल्या पाण्याचा प्रश्न, आपल्या रस्त्याचा प्रश्न. गेल्या झेडपीला एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोघांची पत्रकं एकाच दिवशी छापायला आली. मी पहिल्याचा जुळवलेला मजकूर तसाच ठेवला, फक्त नाव आणि चिन्ह बदललं. दोघेही खूश होऊन गेले. दुसऱ्यानं तर भाषा चांगली आहे म्हणून माझी पाठ थोपटली.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणून माणूस मत देतो, आणि नंतर कळतं की तोही दगडच होता, वरनं विटेचा रंग दिलेला. म्हणून मी आजवर एकदाही मतदानाला गेलो नाही. त्या दिवशी छापखाना बंद असतो, मी झोपतो. तेवढाच त्या दिवसाचा मला उपयोग.

त्यात आपलं गाव पंधरा वर्षं बिनविरोध. चार मोठी माणसं मठात बसतात, ठरवतात, भांडण नाही की तंटा नाही. आजूबाजूच्या गावांत निवडणुकीपायी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सरपंच सिद्धलिंगप्पा तुझे चुलत दीर लागतात. त्यांच्या पॅनेलविरुद्ध तू उभी राहिलीस तर उद्या दाजींनी कुठल्या तोंडानं त्यांच्या ओसरीवर बसायचं? माघारीची तारीख तीस आहे. तोवर डोकं शांत ठेवून विचार कर.

तुझा
शिवपुत्र


चिक्कहिप्परगा
२२ नोव्हेंबर १९७७

तम्मा शिवपुत्रास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अक्षर छापल्यासारखं आलंय. मग वैरण घालायला गेले.

बिनविरोध म्हणजे काय ते मला समजावून सांग. मी या गावात जन्मले, याच गावात नांदले, पण मला अजून कळलेलं नाही. मठात बारा पटके बसतात, खारीक-खोबरं खातात आणि बाहेर येऊन सांगतात, गावानं एकमतानं ठरवलं. ते एक मत कुणाचं असतं रे? माझं नाही. शेजारच्या चिमाबाईचं नाही. तुझ्या दाजींचंही नाही, कारण त्यांना मठात दाराजवळ बसवतात आणि तिथं ऐकू येत नाही.

मार्चमध्ये मी मंद्रूपपर्यंत चालत जाऊन, उन्हात रांगेत उभं राहून मत दिलं आणि दिल्लीचं सरकार पडलं. माझ्या एकटीमुळं पडलं नाही, तेवढं मला कळतं. पण दिल्लीत कुणी बसायचं ते मला विचारतात आणि माझ्या गल्लीत काय करायचं ते विचारत नाहीत. दिल्ली मी कधी बघितली नाही. गल्ली रोज बघते.

मला निवडून यायचं नाही. एका जागेला दोन अर्ज असले तरच मतपेटी येते, म्हणून मी अर्ज भरला. पेटी एकदा गावात येऊ दे. का, ते विचारू नकोस, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

एसटी स्टँडवर भेटलेल्या माणसाचं नाव काय? आणि माघारीची तारीख तुला कुणी सांगितली? ती तर आम्हालाही चावडीत जाऊन विचारावी लागली.

अक्का


सोलापूर
२६ नोव्हेंबर १९७७

ती. अक्कास शरणार्थ.

माणसाचं नाव लक्षात नाही. तारीख त्यानंच सांगितली. तू हे वकिली प्रश्न कशाला विचारतेस?

गल्लीत काय करायचं, असं तू लिहिलंस त्यावरून मला अंदाज आला. खालच्या गल्लीला दिव्याचा खांब नाही, खरं ना? मग सरळ सांगायचं. सिद्धलिंगप्पा वाईट माणूस नाही. मी शब्द टाकतो, महिन्याभरात खांब उभा राहील. एका खांबासाठी निवडणूक लढवायची म्हणजे घर जाळून कोळशाचा व्यापार झाला.

आणि समज तू उभी राहिलीस. कोण मत देणार तुला? बायका? नवऱ्यानं सांगितलं तिथं शिक्का मारून येतील. तू पडशील, वर्षभर लोक हसतील, आणि खांब येणार असेल तोही येणार नाही. नीलम्मा म्हणते, वन्सं करतायत ते बरोबर आहे. तिला म्हटलं तू तुझ्या भाकरीकडे बघ. तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. एवढं तरी माझ्यासाठी कर, अर्ज मागं घे.

शिवपुत्र


चिक्कहिप्परगा
२ डिसेंबर १९७७

शिवपुत्रास,

अर्ज मागं घेतलेला नाही. तारीख गेली.

परवा मठात सिद्धलिंगप्पा सगळ्यांसमोर बोलले. यजमान दाराजवळ होते, पण हे त्यांना ऐकू आलं. “महादेवक्काची काळजी करू नगा. सोलापुरात तिच्या भावाच्या छापखान्यात जाऊन बसून आलोय मी. सोसायटीचं समदं छापायचं काम तितंच देतोय की. भाऊच तिला मागं सारतोय बगा.” यजमान घरी आले, जेवले नाहीत, मला एवढं सांगितलं आणि गोठ्यात जाऊन बसले. तर हा तुझा एसटी स्टँडवरचा माणूस.

आता कारण लिहिते. वाचून लाज वाटली तर पत्र फाडून टाक, पण आधी पुरतं वाच.

आमच्या खालच्या गल्लीच्या मागं वेड्या बाभळींचं रान होतं, तुला आठवत असेल. सगळ्या बायका तिथं जात. ‘मागं जाऊन येते’ एवढंच म्हणायचं, पुढचं सगळ्यांना कळतं. माझी आईही तिथंच जायची, तुझीही तीच. पुरुषांना ओढा आहे, माळ आहे, कुठंही चालतं. आषाढात पंचायतीनं एकमतानं ठराव केला, ते रान तोडलं आणि जागा सोसायटीच्या गोडाऊनला दिली. त्या ठरावाला पंचायतीतल्या दोन बायका सदस्यांचे अंगठे आहेत. एक सिद्धलिंगप्पांची भावजय, दुसरी त्यांची मावशी. कागद घरी नेऊन अंगठे घेतले. त्यांच्या वाड्यात परसात आडोसा आहे, त्यांना काय.

तेव्हापासून आम्ही मंद्रूप रस्त्याच्या कडेला जातो, उजाडायच्या आधी. ट्रक आला की उजेड अंगावर पडतो आणि सगळ्या उठून उभ्या राहतात. लग्न होऊन आलेल्या पोरी, म्हाताऱ्या, सगळ्या. ट्रक गेला की परत. कधी कधी ड्रायव्हर मुद्दाम हळू जातो. चिमाबाईच्या सुनेला सातवा महिना होता. घाईनं उठताना ती चरात पडली. पोटातलं पोर वाचलं, पाय मोडला. ती अजून खाटेवर आहे.

मी सिद्धलिंगप्पांकडे गेले होते. सांगताना माझं तोंड वर होईना, पण सांगितलं. ते तर माझ्याकडे बघेनातच. म्हणाले, “असलं बायकांनी बोलायचं असतंय व्हय?” मी विचारलं, मग कुणी बोलायचं? त्यावर ते पान लावायला लागले.

आणि तू मला खांब देतोस. आम्हाला उजेड नकोय रे. उजेडानंच वैताग आणलाय. आम्हाला आडोसा पाहिजे.

मला चांदणी हे चिन्ह मिळालंय. आमच्या वॉर्डात कानडी असो की मराठी, सगळ्या बायका तिला चुक्की म्हणतात. चांदणी म्हटलं तर अर्ध्याजणी आभाळाकडे बघतील. पत्रकं छापून देणार असशील तर वर मोठ्या अक्षरात एवढंच घाल, ‘चुक्कीवर शिक्का मारा’, आणि खाली माझं नाव. छापायची नसतील तर तसं कळव, मी मंद्रूपला बघते. मतदान अठराला आहे.

महादेवी


सोलापूर
६ डिसेंबर १९७७

ती. अक्कास शरणार्थ.

तुझं पत्र फाडलं नाही. नीलम्मानं वाचलं आणि ती चूल सोडून बराच वेळ बाहेर जाऊन बसली. तिच्या माहेरीही हेच आहे म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं का सांगितलं नाहीस, तर म्हणे तुम्ही काय केलं असतं.

सिद्धलिंगप्पा छापखान्यात आले होते, ते खरं. मालकांनी मला बोलावून सांगितलं, बहिणीला समजाव. मी समजावलं. काम मिळालं तर मालकांना मिळणार, मला नाही. पण रोज त्यांनाच तोंड द्यायचं असतं अक्का, आणि मला खरंच वाटलं होतं की प्रश्न खांबाचा आहे. तुला खोटं सांगायला नको होतं.

पत्रकं मी स्वतः जुळवली. ‘नम्र सेवक’ घातलेलं नाही. आज संध्याकाळच्या गाडीनं कंडक्टर बिरप्पाकडे गठ्ठा देतोय. छपाई उशिरा उरकली, सुतळी बांधायलासुद्धा वेळ नव्हता, कागदात गुंडाळून तसाच देतोय.

तरी माझं मत बदललेलं नाही. तू पडणार. आणि निवडून आलीस तरी त्या बारा पटक्यांपुढं एकटी काय करणार आहेस? पण पडायचंच असेल तर निदान आपल्या घरच्या पत्रकावर पड.

शिवपुत्र


चिक्कहिप्परगा
१० डिसेंबर १९७७

शिवपुत्रास,

पत्रकं मिळाली. ‘चुकीवर शिक्का मारा.’ वर मोठ्या अक्षरात, मागितलं होतं तसंच. एक ‘क’ तेवढा खाल्लास.

मी न बघताच गल्लीत वाटली, कारण भावानं छापलेलं आहे. आमच्याविरुद्ध उभा असलेला रेवणसिद्ध, सिद्धलिंगप्पांचा मेहुणा, त्यानं एक पत्रक पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाला, महादेवक्कानं स्वतःच छापून कबूल केलंय, आता आम्ही वेगळा प्रचार कशाला करू. लोक पोट धरून हसले. मी पाण्याची घागर घेऊन तिथनंच चालले होते.

तुला अर्ज मागं घ्यायला लावता आला नाही, म्हणून हे केलंस का? सोसायटीचं काम तुझ्या मालकाला लखलाभ होवो. यजमानांना मी तीस वर्षांत रागावलेलं बघितलं नव्हतं. काल बघितलं, आणि ते तुझ्यावर रागावले होते.

यापुढं पत्र पाठवू नकोस.


सोलापूर
१२ डिसेंबर १९७७

अक्का,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतोय. हे वाच आणि मग हवं तर चुलीत घाल.

मी ‘चुक्की’च जुळवलं होतं. आमच्याकडे प्रूफं तपासायला एक गुरुजी आहेत, शाळेतून निवृत्त झालेले, पुण्याकडचे. मी जेवायला गेलो तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केलं, आणि मशीनवाल्यानं छापून टाकलं. घाईत मी गठ्ठा उघडून बघितला नाही, तेवढा माझा दोष. आज त्यांच्यापुढं पत्रक आपटलं. ते शांतपणे म्हणाले, चुक्की असा शब्द मराठीत नाही. मी म्हटलं गुरुजी, सोलापुरात येऊन तुम्हाला सात वर्षं झाली, निदान वाक्याचा अर्थ तरी बघायचा. चुकीवर शिक्का मारा असं कुठला उमेदवार सांगेल? त्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, “निवडणुकीच्या मजकुरात अर्थ बघायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

अक्का, मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आणि धरता येईना, कारण हेच मी इतकी वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय. त्यांनी ते माझ्याकडूनच ऐकलं असणार.

मी नवी पत्रकं छापायला लावलीत. मालकांशी भांडलो, ते वेगळंच. रविवारच्या आत स्वतः घेऊन येतो, पारावर उभा राहून वाटतो, रेवणसिद्ध काय म्हणतो ते बघू. दाजींना सांग, शिवपुत्र विकला गेलेला नाही.

शिवू


चिक्कहिप्परगा
२१ डिसेंबर १९७७

तम्मा शिवूस आशीर्वाद.

पडले.

‘येऊ नकोस, नवी पत्रकं नकोत’ ही चिठ्ठी बिरप्पानं तुला वेळेवर दिली, ते बरं झालं. तू पारावर येऊन भांडला असतास आणि सगळं त्या भांडणावरच गेलं असतं. मला तुझं पत्र मिळालं आणि मी यजमानांना वाचून दाखवलं. ते गुरुजींवर हसले. म्हणजे तू सुटलास.

पत्रक का नको म्हटलं ते सांगते. पारावर हसून झाल्यावर संध्याकाळी हौदावर चिमाबाई मला म्हणाली, “वैनी, बराबर छापलंय की त्येनं. पंधरा वर्सं हे लोक बराबर करत्यात, त्येचं काय झालं बगतोय न्हवं आपुन? यंदा चुकीवरच मारायचा.” बायका हसल्या, पण पारावरच्या हसण्यासारख्या नाही. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात तेच सुरू झालं. बाई बाईला विचारायची, तू चूक करणार ना? नवऱ्यांना वाटायचं, यांची थट्टा चाललीय.

मतदानाला मारुतीच्या देवळामागच्या शाळेत रांग लागली. पेटी बघायला म्हाताऱ्या आल्या होत्या. लाल डबा आहे, असं कुणी सांगितलं होतं, तो लाल नव्हता म्हणून एकीला खरा वाटेना. शांतम्मा आजीनं बोटाला शाई लावू दिली नाही, सोवळं मोडतं म्हणाली, मग समजावून लावली. चिमाबाईच्या सुनेला खाटेसकट आणली. आणि चिमाबाईच्या जावेनं, कपाळ माझं, सगळ्याच चिन्हांवर एकेक शिक्का मारला. चूक करायची म्हटल्यावर नीट करायला नको का, असं म्हणाली.

रेवणसिद्धला अठ्ठ्याऐंशी, मला एकाहत्तर, बाद नऊ. खालच्या गल्लीतल्या कितीजणींनी तिकडं मारला ते मला बाहेर आलेली तोंडं बघून कळलं. मतदान गुप्त असतं म्हणतात, पण तोंडं काही गुप्त नसतात. रात्री मला लई वाईट वाटलं. तूच खरा ठरलास, म्हणून जास्त वाटलं.

पण काल सिद्धलिंगप्पा आमच्या घरी आले. पंधरा वर्षांत आले नव्हते. यजमानांशी पावसापाण्याचं बोलले, चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि मला विचारलं, “एकाहत्तर मतं कशी पडली गं तुला? लोकास्नी काय पायजे तरी काय?”

मी म्हटलं, “सांगितलं व्हतं की तुमाला.”

त्यांनी रिकामी कपबशी बोटानं बाजूला सारली. मग म्हणाले, “तवा तू एकटी व्हतीस.”

बघतो, म्हणून गेले. बघतील की नाही मला माहीत नाही. त्यांच्या ‘बघतो’वर मी भाकरी थापणार नाही. पण तू विचारलं होतंस ना, एकटी काय करणार? एवढं मिळालं. आता मी एकटी नाही, हे त्यांनी मोजून बघितलंय.

अक्का


सोलापूर
२७ फेब्रुवारी १९७८

ती. अक्कास शरणार्थ.

दोन महिने पत्र नाही, कारण विधानसभेच्या कामानं मान वर करू दिली नाही. पुन्हा तेच नम्र सेवक, तेच बंधू. पण आज लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. माझं डोकं परवापासून तापलंय ते अजून उतरत नाही.

मी मतदानाला गेलो. हो, मी. तुझं वाचून शहाणपण आलं असं समजू नकोस. नीलम्मा म्हणाली, झोपायचं तर झोपा, पण मग वन्संच्या एकाहत्तर मतांबद्दल पुन्हा या घरात बोलायचं नाही. म्हणून गेलो. रांगेत तासभर उभा राहिलो. आत गेलो, नाव सांगितलं. यादीवर बोट फिरवून तिथला माणूस म्हणाला, तुमचं मत झालंय.

मी म्हटलं, कसं झालं? मी तर आत्ता आलोय. तो म्हणाला, झालंय, खूण आहे. मी बोट पुढं केलं, शाई नाही. टेबलामागं बसलेला कुठल्यातरी पक्षाचा एक पोरगा हसून म्हणाला, “काका, काम हलकं झालं की तुमचं. घरी जावा.”

अक्का, मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तेवढा तिथं ओरडलो. मागं रांग खोळंबली, पोलीस आत आला, नीलम्मा दारातनं बघत होती. एकोणीस वर्षं मी ज्याला काडीची किंमत नाही म्हणत आलो, ते दुसऱ्या कुणी उचललं तर मला एवढं का झोंबावं? आपण टाकून दिलेलं जुनं पायताण कुणी घातलं तर कुणी भांडत नाही. मी भांडलो. आणि भांडता भांडता एक गोष्ट डोक्यात आली, ती अजून जात नाही. ह्याच वेळी झालं कशावरून? दर वेळी मी घरात घोरत होतो तेव्हा शिवपुत्र नावाचा एक माणूस सकाळी उठून, रांगेत उभा राहून, कुणाला तरी निवडून देत असेल. ज्यांना मी शिव्या घालतो त्यांना माझ्याच नावानं निवडून देत असेल.

शेवटी तिथला मोठा अधिकारी आला. भला माणूस होता. म्हणाला, अशा वेळी तुम्हाला वेगळी मतपत्रिका देता येते, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. पण स्पष्ट सांगतो, ती मोजत नाहीत. मग उपयोग काय, असं मागच्या एकानं विचारलं. ते वाक्य माझंच होतं.

मी म्हटलं, द्या.

सह्या केल्या, पडद्यामागं गेलो, शिक्का मारला. मोजलं जाणार नाही हे माहीत होतं, तरी शिक्का नीट बसलाय की नाही ते दोनदा बघितलं. कुणाला दिलं ते तुलाही सांगणार नाही. नीलम्मानं तेव्हापासून दोन वेळा विचारलं, तिलाही सांगितलं नाही.

पुढच्या वेळी पहाटेच जाऊन बसणार आहे. बघतो तो दुसरा शिवपुत्र कसा येतो ते.

शिवू


चिक्कहिप्परगा
२० मार्च १९७८

तम्मा शिवूस आशीर्वाद.

तुझं पत्र हौदावर वाचून दाखवलं. चिमाबाई म्हणाली, त्या दुसऱ्या शिवपुत्राला धरून आण, आमच्या जावेशी लग्न लावू, दोघांचंही एका मतानं भागत नाही. रागावू नकोस, सगळ्यांना तुझा अभिमान वाटला. मला तर फारच.

इकडची हकिगत अशी. गेल्या महिन्यात पंचायतीच्या बैठकीत ठराव आला. काय म्हणून मांडायचा ते कुणाला सुचेना म्हणे, सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी ग्रामसेवकानं ‘महिलांसाठी आडोसा’ असं लिहिलं आणि विषय दोन मिनिटांत मंजूर झाला. गोडाऊनच्या पलीकडं जी जागा उरली होती, तिथं चारी बाजूंनी भिंत, वर छप्पर नाही. आठ दिवसांत गवंडी आले. मी खोटं कशाला बोलू, भिंत छातीएवढी झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग बघते तर काय, दार रस्त्याच्या बाजूला.

मी गवंड्याला विचारलं, बाबा, हे काय केलंस? तो म्हणाला, दाराच्या वर सरपंचांच्या नावाची पाटी बसवायची आहे, ती रस्त्यावरनं दिसली पाहिजे, म्हणून दार इकडं. अरे शिवू, तूच सांग, आता डोकं कुठल्या भिंतीवर आपटू? ट्रकवाल्यांपासून लपायला भिंत, आणि भिंतीला दार ट्रकच्या तोंडावर. बारा शहाण्यांनी मिळून केलेलं काम हे. एकालाही सुचलं नाही, आणि घरी जाऊन बायकोला विचारावं असंही एकाला वाटलं नाही.

मी गल्लीत जाऊन सांगितलं. अर्ध्या तासात सगळ्या जमल्या, रेवणसिद्धला मत दिलेल्याही. सिद्धलिंगप्पांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. यावेळी माझं तोंड खाली गेलं नाही. ते बाहेर आले, ऐकून घेतलं, जरा वरमले. म्हणाले, “आदी सांगायचं की गं.”

मी म्हटलं, “आदी इचारायचं की.”

मागं चिमाबाई होती, तिच्या मागं पोराला कडेवर घेतलेली तिची सून होती, आणि तिच्या मागं किती होत्या ते मी वळून बघितलं नाही. सिद्धलिंगप्पांनी मात्र बघितलं. त्यांनी आत वळून गड्याला हाक मारली आणि गवंड्याला बोलवायला पाठवलं.

दार आता मागच्या बाजूला आहे.

अक्का